उताराच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टर: एचपी नंतर, आधी चाकं बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. दिंडोरीकडच्या चढउताराच्या द्राक्षबागेत गवत कापायला, फवारणीला मिनी ट्रॅक्टर घेणार असाल, तर वाचलेला पैसा जादा एचपीत घालू नका. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये घाला.

चढावर वजन मागे सरकतं. त्यात मागे भरलेला ब्लोअर! पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग ऐकत नाही. म्हणून पुढे वजनं लावायचीच. उतरताना मात्र खरा फरक कळतो: फोर-व्हीलमध्ये इंजिनाचा रोध चारही चाकांना मिळतो, टू-व्हीलमध्ये फक्त मागच्या. ब्रेक तेलातलेच घ्या. चिखल आत शिरत नाही, जास्त टिकतात. शोरूममध्ये हे विचारावं लागतं, हप्ता मात्र न विचारता सांगतात.