दंड नव्हे, देणे!

गेल्या उन्हाळ्यात दोन महिने मुलीकडे इंग्लंडला राहून आलो. तिथे माझ्या हातून एक पराक्रम घडला. मुलीची गाडी घेऊन मी आणि सौ. खरेदीला गेलो. दुकानांसमोर ऐसपैस वाहनतळ, आणि तोही फुकट! फुकट म्हटल्यावर खांबावरची पाटी वाचायच्या भानगडीत कोण पडतो? मुदत दोन तासांची होती. नातवाच्या स्वेटरचा रंग ठरेना, म्हणून आम्हाला सव्वीस मिनिटे जास्त लागली. ती सव्वीस मिनिटे फाटकावरच्या कॅमेऱ्याने चोख मोजली.

नवव्या दिवशी मुलीच्या नावाने पत्र आले. गाडीचे दोन फोटो, येण्या-जाण्याची वेळ आणि मागणी शंभर पौंडांची. चौदा दिवसांत भरल्यास साठ. पत्राचा थाट पोलिसी. सौ. धास्तावली. जावई मात्र हसून म्हणाले, "बाबा, ही खासगी कंपनी आहे. द्या कचऱ्यात टाकून." मुलगी काही बोलली नाही. पत्र तिच्या नावावर होते.

माझी उमेद कर्जाचे करारनामे वाचण्यात गेली. कागद न वाचता फेकणे मला जमत नाही. त्या आठवड्यात मी हा विषय धुंडाळला, आणि पहिली गंमत आद्याक्षरांतच सापडली. तिथली नगरपालिका रस्त्यावरच्या चुकीबद्दल जी नोटीस देते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस'. खासगी कंपनी देते ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींची आद्याक्षरे पीसीएन! पहिल्या नोटिशीमागे सरकारी अधिकार आहे. दुसरी म्हणजे केवळ मागणीपत्र. पाटी वाचून (किंवा न वाचता) तुम्ही गाडी लावली, म्हणजे करार मान्य केला. तो मोडला, आता ठरलेली रक्कम द्या, एवढाच तिचा अर्थ. तो दंड नव्हे, देणे आहे.

पण देणे कोणाचे? करार चालकाशी झालेला, आणि कंपनीला ठाऊक असतो तो फक्त गाडीचा नंबर. पूर्वी या कंपन्या सरळ चाकाला जॅमर लावत. ऑक्टोबर 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेवरच्या जॅमरला बंदी आली, आणि त्याच कायद्याने कंपन्यांच्या हाती दुसरे हत्यार दिले. चालक कोण हे कळले नाही, तर ज्याच्या नावे गाडी नोंदलेली आहे त्याच्याकडून वसुली करता येते. त्याचे नाव-पत्ता सरकारी वाहन नोंदणी कार्यालय अडीच पौंडांत देते.

मात्र या वसुलीला अटी आहेत. काचेवर नोटीस चिकटवली नसेल, तर मालकाला ती चौदा दिवसांच्या आत पोचली पाहिजे. उशीर झाला तर मालक सुटतो. चालक सुटत नाही. मालकाने वेळेत चालकाचे नाव आणि पत्ता कळवला, तरी मालक मोकळा होतो. जावयांचा सल्ला चुकीचा नव्हता, जुना झाला होता.

राहता राहिला रकमेचा प्रश्न. सव्वीस मिनिटांनी कोणाचे शंभर पौंडांचे नुकसान झाले? हाच प्रश्न 'पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस' या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. चेम्सफर्डच्या फुकट वाहनतळावर बेव्हिस दोन तासांपेक्षा 56 मिनिटे जास्त थांबले होते, आणि मागणी 85 पौंडांची होती. नोव्हेंबर 2015 मध्ये सातपैकी सहा न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. नुकसान झाले नसले तरी गाड्या वेळेत हलाव्यात यात कंपनीचे रास्त हित आहे. पाट्या ठळक आहेत आणि रक्कम अवाच्या सवा नाही, असा त्याचा आशय.

याच खटल्यातला एक तपशील मला जास्त बोचला. वाहनतळ फुकट, तरी कंपनीच जागामालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती. हे पैसे येणार कुठून? चुकणाऱ्यांच्या खिशातून! सगळ्यांनी नियम पाळले तर धंदा बुडेल, असा हा हिशेब.

आपल्याकडे करार कायद्याचे 74 वे कलम 1872 पासून सांगते, की करारात आकडा काहीही लिहा, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देईल. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना बजावले, की थकबाकीवरचा दंड शिस्तीसाठी आहे, उत्पन्न वाढवण्यासाठी नव्हे. शिस्त आणि उत्पन्न यांतली ही रेघ पुसली गेली, की चूक सुधारण्यापेक्षा ती घडण्यातच कोणाचा तरी फायदा असतो. ब्रिटनच्या संसदेने या कंपन्यांना आचारसंहिता लावण्याचा कायदा 2019 मध्ये केला. संहिता फेब्रुवारी 2022 मध्ये निघाली, कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. यावरून त्या धंद्याचे बळ ओळखावे.

मग आम्ही काय केले? दुसऱ्या दिवशी मी पाटी पाहून आलो. ठळक होती. नोटीस मुदतीत होती. पत्र कचऱ्यात टाकले असते तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकले असते. निकाल विरुद्ध लागून महिन्याभरात पैसे भरले नाहीत, तर ती नोंद सहा वर्षे राहते. त्या वर्षी मुलगी घरासाठी कर्ज काढणार होती. अशा नोंदीकडे कर्ज देणारा कोणत्या नजरेने पाहतो, हे मला कोणी सांगायला नको.

"गाडी मी चालवत होतो, तसे कळव," मी मुलीला म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या, भरून टाकू." साठ पौंड मीच दिले. रुपयांत हिशेब करायचा नाही असे ठरवले होते, तरी केलाच. स्वेटरपेक्षा पाटी महाग पडली.