फिटरला दार बंद, मालकाला दार मोकळे

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव साखर कारखान्याभोवती वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि नीरा उजव्या कालव्याखालील उसाच्या भरवशावर येथे तिचा कारखाना उभा राहिला. आज श्रीपूरला श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना गळीत करतो. कंपनी गेली, सहकार आला. पण बॉयलरसमोर आणि मिलच्या रोलरपाशी पाळी करणारा कामगार तेथेच आहे. त्याच्या आयुष्याचा निर्णय दोन प्रमाणपत्रांवर अवलंबून असतो. पहिले, त्याच्या स्वतःच्या कौशल्याचे. दुसरे, ज्या यंत्रासमोर तो उभा राहतो त्या यंत्राच्या सुरक्षिततेचे. गेल्या दोन दशकांत राज्यकर्त्यांनी या दोन्ही प्रमाणपत्रांबाबत जे धोरण स्वीकारले ते नेमके उलटे आहे. खाजगी संस्थेची परीक्षा जेथे गरिबाच्या उपयोगी पडत होती तेथे सरकारला एकाएकी शिस्त आठवली, आणि जेथे खाजगी दाखल्याने कामगाराचा जीव टांगणीला लागतो तेथे सरकारने स्वतःहून दार उघडून दिले.

पहिली गोष्ट ए.एम.आय.ई. या परीक्षेची. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) ही अभियंत्यांची व्यावसायिक संघटना १९२० साली स्थापन झाली आणि १९३५ साली तिला ब्रिटिश राजाची सनद मिळाली. संस्था साहेबी थाटाची. तिच्या सभासदत्वाला श्रेणी, श्रेणीला पात्रता आणि वरच्या श्रेणीत जाण्यासाठी आधीच्या सभासदांचे अनुमोदन. पदवीधर अभियंत्याला हे सभासदत्व नावापुढे लावण्याच्या चार अक्षरांपुरते. परंतु याच संस्थेने १९२८ पासून एक परीक्षा सुरू केली, आणि तिच्यामुळे एका अभिजनांच्या मंडळाचे सभासदत्व महाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या आवाक्यात आले. ‘अ’ आणि ‘ब’ असे तिचे दोन विभाग. ते उत्तीर्ण होणाऱ्याला सरकारी नोकरभरतीसाठी अभियांत्रिकी पदवीधराच्या बरोबरीचे मानले जाई. उपस्थितीची अट नाही, वसतिगृह नाही, देणगी नाही. कारखान्यात फिटर किंवा ओव्हरसिअर म्हणून नोकरी करावी, रात्री क्वार्टरमध्ये अभ्यास करावा आणि परीक्षेला बसावे.

वर्षातून दोनदा, जूनमध्ये व डिसेंबरमध्ये, ही परीक्षा होई. साखर कारखान्यातील माणसाला या दोन महिन्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. डिसेंबर म्हणजे ऐन गळीत. रजा मागायची सोयच नाही. जून म्हणजे बंद हंगाम. कायम कामगार दुरुस्तीच्या कामावर आणि हंगामी कामगार रिटेन्शन अलाउन्सवर घरी. अंगमेहनतीत आणि अभ्यासात वर्षाची अशी वाटणी होऊ शके, म्हणून ही वाट त्याला परवडे.

ही वाट सोपी होती असे म्हणणे खोटे ठरेल. संस्था शिकवीत नसे, फक्त तपाशी. प्रश्नपत्रिका इंग्रजी. मराठी शाळेतून आणि पदविकेतून आलेल्या मुलाला गणितापेक्षा भाषेनेच अधिक अडवले. अनेकांची ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली आणि अनेकांनी ती अर्ध्यावर सोडली. जे परीक्षार्थी म्हणून नाव नोंदवीत त्यांना संस्थेच्या कारभारात मत नसे. नियम करणारे वरच्या श्रेणीतले, नियम पाळणारे खालच्या. समाजवादी चळवळीने या अंतर्गत उतरंडीवर कधी बोट ठेवले नाही, हाही दोषच. परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला समोरचा परीक्षार्थी कोणाचा मुलगा हे ठाऊक नसे, आणि कसोटी साऱ्यांना एकच होती.

६ डिसेंबर २०१२ रोजी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदेश काढला. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांपुरतीच अशा संस्थांच्या प्रमाणपत्रांची समकक्षता मानली जाईल, असे त्याने ठरले. त्यानंतर नाव घालणाऱ्यासाठी जिना उभा राहिला, पण माडी काढून घेतली गेली. कारण सांगण्यात आले ते दर्जाचे. अभियांत्रिकी शिक्षण प्रयोगशाळेशिवाय होत नाही, परिषदेची मान्यता नसलेल्या मार्गाने दिलेली पदवी चालणार नाही, हा युक्तिवाद ऐकायला निर्दोष आहे. त्या काळात काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या विकण्याचा धंदा मांडला होता आणि तो बंद करणे आवश्यकच होते. पण पदवी विकणारे दुकान आणि कडक परीक्षा घेणारी संस्था यांना एकाच झाडूने झाडण्याचे कारण काय? ज्याला प्रयोगशाळा नाही म्हणून अपात्र ठरविले, तो आठ-आठ तास चालत्या टर्बाइनपाशी उभा असतो. त्याला दर्जाच द्यायचा होता तर शासकीय तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळा बंद हंगामात त्याला उघडून देता आल्या असत्या.

दर्जाची ही काळजी महाराष्ट्राने पूर्वी किती वाहिली, हेही आठवावे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पाठोपाठ देणग्यांचा एवढा बभ्रा झाला की १९८७ साली कॅपिटेशन फीला मनाई करणारा कायदा याच राज्याला करावा लागला. त्या संस्थांचे चालक कोण, हे सोलापूर, सांगली, कोल्हापूर, नगर या उसाच्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना सांगायला नको. साखर कारखान्याचा अध्यक्ष तोच शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, असे चित्र ठिकठिकाणी दिसले. म्हणजे कारखान्याच्या फिटरला अभियंता व्हायचे असेल तर त्याने अध्यक्षांच्याच दुसऱ्या दारी शुल्क भरावे. २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे पदवी अभ्यासक्रम चालविण्याची मुभा महाविद्यालयांना मिळाली. त्याचे स्वागत करावे. पण तेथेही नोकरीचे ठिकाण महाविद्यालयापासून ठरावीक अंतरात हवे, शुल्क हवे आणि संध्याकाळ मोकळी हवी. तीन पाळ्यांत फिरणाऱ्या माणसाची संध्याकाळ मोकळी कोठून असणार?

आता दुसरे प्रमाणपत्र. ते बॉयलरचे.

१८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे मेली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. प्रांतोप्रांती निरनिराळे नियम होते. ते एकत्र करून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला. परक्या सरकारने केलेला हा कायदा कामगाराच्या प्रेमाने केलेला नव्हता, पण त्यातील एक तत्त्व योग्य होते. बॉयलर वापरण्यास योग्य आहे की नाही हे मालक ठरविणार नाही, सरकारचा निरीक्षक ठरवील. आणि तो चालविणाऱ्या अटेंडंटला सरकारी मंडळाची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागेल. भट्टीत बगॅस लोटणाऱ्या फायरमनलाही अनुभवाच्या जोरावर या परीक्षेला बसता येई. कोणत्याही मंडळाचे सभासदत्व नको, कोणाचे अनुमोदन नको. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाकडे आले.

२००७ च्या दुरुस्तीने या कायद्यात ‘सक्षम व्यक्ती’ नावाचा नवा माणूस आणला. बॉयलर बनविताना, उभारताना आणि वापरात असताना त्याची तपासणी करून दाखला देण्याचा अधिकार मान्यताप्राप्त खाजगी व्यक्तीला व संस्थेला मिळू लागला. कायद्याची भाषाच बोलकी आहे: सर्व निरीक्षक हे आपोआप ‘सक्षम व्यक्ती’ समजले जातील. म्हणजे सरकारी निरीक्षक आणि मालकाने बोलावलेला तपासनीस यांना एकाच पाटावर बसविले. शंभर वर्षे चाललेल्या कायद्याची जागा १ मे २०२५ पासून नव्या बॉयलर कायद्याने घेतली. त्यानेही ही व्यवस्था कायम ठेवली आणि सात गुन्ह्यांपैकी तिघांची शिक्षा निव्वळ दंडावर आणली. जीव जाण्याची शक्यता असलेल्या चार गुन्ह्यांना कैद ठेवली आहे, हे सरकारपक्षातर्फे सांगितले जाते व ते खरे आहे. पण कैदेची शिक्षा स्फोटानंतरची. स्फोटापूर्वीचा दाखला कोण देतो, आणि त्याचे पैसे कोणाकडून घेतो, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

हा प्रयोग जगात नवा नाही. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी १८५४ साली बॉयलर वापरणाऱ्यांची संघटना काढली. वर्गणी भरून सभासद व्हायचे आणि संघटनेच्या तपासनिसाकडून बॉयलर तपासून घ्यायचे. विल्यम फेअरबेर्नसारखा नामांकित अभियंता तिच्यामागे होता आणि तिचे काम प्रामाणिक होते. पण सभासदत्व ऐच्छिक होते, म्हणून जो मालक निष्काळजी तोच बाहेर राहिला आणि त्याचे कामगार मरत राहिले. १८८२ साली पार्लमेंटने कायदा केला तोही फक्त स्फोटानंतर चौकशी करण्याचा.

येथे एक आक्षेप नेहमी येतो: सरकारी निरीक्षक तरी कोठे धुतल्या तांदळासारखे असतात? ते नसतात. खात्याचा विलंब आणि चिरीमिरी कारखान्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. परंतु निरीक्षक लाच घेतो तेव्हा तो गुन्हा करतो, आणि त्याला पकडता येते. खाजगी तपासनीस मालकाकडून पैसे घेतो तेव्हा ते त्याचे रीतसर शुल्क असते. पुढच्या वर्षीचे काम मिळावे म्हणून त्याने डोळेझाक केली तर ते कोणत्या कलमाखाली सिद्ध करणार? सहकारी कारखान्यातही कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे कारखानाच. गळिताचा मुहूर्त संचालक मंडळाने ठरविलेला, पाहुणे बोलावलेले, अशा वेळी दाखला अडवून धरण्याची हिंमत मंडळाच्याच पैशावर आलेल्या माणसाला होणे कठीण. जुन्या बॉयलरचा दाब वीस-एकवीस किलोच्या आसपास असे. सहवीज प्रकल्पांच्या बॉयलरचा दाब सदुसष्ट, सत्त्याऐंशी आणि त्याहूनही वर गेला आहे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उंचाहार येथे सरकारी वीज कंपनीच्या प्रकल्पात बॉयलरच्या भट्टीचा स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार गेले. एवढ्या मोठ्या आणि सरकारी प्रकल्पात हे घडते, तेथे यंत्रावरची देखरेख सैल करण्याचे धाडस कोणाला व्हावे?

साखर कामगारांच्या वेतनासाठी महाराष्ट्रात त्रिपक्षीय समिती बसते. पगारवाढीची टक्केवारी ठरली की तिचे काम संपले असे समजण्याची सवय संघटनांना लागली आहे. त्या टेबलावर आणखी दोन गोष्टी ठेवायला हव्यात. फिटर, पॅनमन, अटेंडंट यांना परीक्षेच्या आधी पगारी अभ्यासरजा आणि शासकीय तंत्रनिकेतनात बंद हंगामात चालणारा, पदवीपर्यंत नेणारा अभ्यासक्रम, ही पहिली. तपासणीचे शुल्क कारखान्याने तपासनिसाला न देता संचालनालयात भरावे आणि तपासनीस कोण हे संचालनालयाने ठरवावे, ही दुसरी. तिसरी मागणी पुण्या-मुंबईला जाण्याची वाट पाहत नाही. दरवर्षी गळितापूर्वी बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो, नारळ फुटतो, निमंत्रणपत्रिकेवर संचालकांची नावे छापतात. श्रीपूर, माळीनगर आणि अकलूज येथील कामगारांनी येत्या हंगामाच्या अग्निप्रदीपनापूर्वी कारखान्याला लेखी अर्ज द्यावा की, बॉयलरचा दाखला, तो देणाऱ्याचे नाव आणि त्याला दिलेली रक्कम, मराठीत, बॉयलर हाऊसच्या दारावर लावावी.