विमा घराचा की एजंटाचा?



पीककर्जाच्या कागदांत विम्याचा फॉर्म सरकवायचा आणि "सही करा, नाहीतर कर्ज अडेल" म्हणायचे, हा धंदा बंद झाला पाहिजे. अमुक कंपनीची पॉलिसी गळ्यात मारण्याचा अधिकार कोणत्याही बँकेला नाही.

आणि पॉलिसी तरी कसली? वर्षाला दहा हजार भरा, वीस वर्षांनी परत घ्या. मध्येच कर्ता माणूस गेला तर दोन लाख आणि थोडाफार बोनस. त्यात सोसायटीचे देणे तरी फिटेल का?

हिशेब सरळ आहे. डोक्यावरचे कर्ज अधिक मुले कमावती होईपर्यंतचा घरखर्च, एवढ्या रकमेचा विमा हवा. तो परवडतो फक्त मुदत विम्यात. त्यात पैसे परत नाहीत, म्हणूनच हप्ता कमी. कमिशनही कमी, म्हणून एजंट त्याचे नाव काढत नाही.

तेही झेपत नसेल तर पन्नाशीच्या आत प्रधानमंत्री जीवन ज्योती घ्या. वर्षाला ४३६ रुपये, मृत्यूनंतर घराला २ लाख. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना मात्र अपघातापुरतीच. राज्याची गोपीनाथ मुंडे योजनाही तशीच. साप चावला तर २ लाख, हृदयविकाराने गेला तर छदाम नाही.

घरधनीण गेली तरी शेत आणि घर दोन्ही बसते. तिचाही विमा काढा.

पुढच्या बैठकीला पॉलिसी घेऊन या. सगळे मिळून वाचू. वाचल्याशिवाय सही नाही!