गरोदरपणातली खाज सोसू नका

औंधच्या वस्तीत गरोदर बाईला इसब उठला की दोनच वाटा दिसतात: ‘औषध बाळाला बाधेल’ म्हणून रात्र-रात्र खाजवत बसणे, नाहीतर मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणणे. आम्ही म्हणतो, दोन्ही चूक. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड असते. ते भरपूर वापरल्यास बाळाचे वजन कमी भरू शकते. डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टेरॉइड मलम मात्र न घाबरता, सांगितले तसे लावा. अंघोळ कोमट पाण्याने, झटपट. अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजले तर यकृताचा आजार असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी मोफत असते. ते उपकार नव्हेत, हक्क आहे. जय भीम!