यंदा एक गुंठा तोलून पाहा

कोकणातील भातशेतकरी, ग्रामपंचायती आणि मुंबईकर मंडळांना जाहीर आवाहन

‘गेल्या वर्षी भात किती झालं?’ असे कोकणातल्या कुठल्याही वाडीत विचारले, तर उत्तर मणात, खंडीत किंवा गोणीत मिळते. ‘किती गुंठ्यांत?’ असे पुढे विचारले, की घरधनी नुसता हसतो. एक खाचर वडिलोपार्जित, एक काकांच्या नावावरचे, एक खंडाने केलेले. सातबाऱ्यावरचे क्षेत्र वेगळे आणि प्रत्यक्ष चिखलणी होते ते वेगळे. सगळ्यांचे भात एकाच खळ्यावर झोडले जाते आणि एकाच कणगीत पडते. कोणत्या खाचराने घर तारले आणि कोणत्याने नुसती मजुरी खाल्ली, हे त्या कणगीला सांगता येत नाही.

बांधाला बांध लागून असलेल्या दोन खाचरांवर पाऊस सारखाच पडतो, मातीही बहुधा सारखीच असते. तरी एकात भात जास्त होते आणि दुसऱ्यात कमी. तेवढीच जमीन, तेवढेच पाणी आणि तेवढीच मेहनत वापरून कोण किती पिकवतो, यालाच उत्पादनातली कार्यक्षमता म्हणतात. राज्यात सुमारे १५ लाख हेक्टरवर भात होते. कोकणात तर घरटी खाण्याचा तांदूळ हेच शेतीचे पहिले काम. तिथे हा फरक मोजला न जाणे परवडण्यासारखे नाही.

यात शेतकऱ्याच्या आळसाचा प्रश्न नाही. थिओडोर शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ सालीच मांडले होते, की पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाती असलेली साधने तो काटकसरीनेच वापरतो. त्याला कमी पडते ते नवे ज्ञान आणि नवी निविष्ठा. शुल्ट्झला १९७९ साली नोबेल मिळाले. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातली सरासरी धारणा १.०८ हेक्टर आणि महाराष्ट्रातली १.३४ हेक्टर भरली. कोकणात तेवढीही जमीन एकसलग क्वचितच असते. रान वाढवता येणार नसेल, तर आहे त्या खाचरातून जास्त काढणे एवढीच वाट उरते.

ती वाट कोकणातच आखली गेली आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी बांधलेली चारसूत्री भातशेती छोट्या खाचरासाठीच आहे. भाताचा तूस-पेंढा पुन्हा शेतात वापरणे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, दोरीवर नियंत्रित लावणी करणे आणि युरिया-डीएपीची गोळी खोल खोचणे, ही तिची चार सूत्रे.

यातली दोरी आणि गोळी जवळून पाहण्यासारखी आहेत. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून खुणा असतात. प्रत्येक खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लागतो. मुठीत येईल तेवढी आवण रोवायची नाही. चार चुडांचा १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार झाला, की त्याच दिवशी त्याच्या मध्यावर २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या लागतात, वजनाने पावणेदोन किलोच्या आत. फोकलेल्या युरियातले नत्र साधारण तिसऱ्या हिश्शाएवढेच पिकाच्या वाट्याला येते. बाकीचे हवेत उडते किंवा पहिल्या जोरदार सरीत बांधावरून वाहून जाते. चिखलात दडलेली गोळी हळूहळू विरघळते आणि मुळांना मिळत राहते. बांगलादेशात हेच तंत्र ‘गुटी’ म्हणून लाखो शेतकऱ्यांनी उचलले. मात्र पाणी न धरणाऱ्या हलक्या जमिनीत त्याचा फायदा कमी दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

त्याहून स्वस्त काम पेरणीच्या आदल्या दिवसाचे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे. पोचट दाणे तरंगतील, ते काढून टाकावेत. तळाशी बसलेले बियाणे दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवावे. वाणही जमीन पाहून निवडावा: पाणी लवकर उतरणाऱ्या वरच्या खाचराला कर्जत ३ सारखे हळवे, खोलगट दलदलीच्या जागेला गरवे. सुधारित वाणाचे घरचे बियाणे तीन वर्षांनी बदलावे, संकरित वाणाचे दरवर्षी.

गड्यांची वानवा ही खरी अडचण आहे. तरणी पोरे मुंबई-पुण्याला, घरी म्हातारी माणसे, आणि लावणी सगळ्यांची एकाच पंधरवड्यात. रोप साधारण तीन आठवड्यांचे झाले की लावायचे असते. मजुराची वाट पाहत ते वाफ्यातच जून झाले, तर त्याला फुटवे कमी फुटतात आणि पुढचे खतपाणी वाया जाते. यावर जुना उपाय इर्जिकीचा: आज सगळ्यांनी एकाचे खाचर लावायचे, उद्या दुसऱ्याचे. नवा उपाय नेरळजवळच्या मालेगावात चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा राईस तंत्राचा. त्यात चिखलणी नाही आणि लावणीही नाही. कायम गादीवाफ्यांवर लोखंडी साच्याने भोके पाडून बी टोकायचे आणि वाफे पुढच्या वर्षीही न नांगरता वापरायचे. ज्या घरात लावणीला माणूसच उरलेला नाही, त्यांनी हे आधी पाहावे.

म्हणून हे आवाहन. प्रत्येक वाडीतल्या निदान पाच शेतकऱ्यांनी यंदा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा एकेक गुंठा चार खुंट्या ठोकून वेगळा काढावा. त्यात चारसूत्रीने किंवा सगुणा पद्धतीने पीक घ्यावे आणि त्याला लागूनच नेहमीच्या रीतीचा दुसरा गुंठा राखावा. ग्रामपंचायतीने मेअखेरच्या ग्रामसभेत गोळ्या, दोऱ्या आणि साचा सामायिक घेण्याचा विषय ठेवावा आणि तालुका कृषी कार्यालय किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून माणूस बोलवावा. मुंबईकर मंडळांनी देवळाच्या रंगकामाबरोबर एका वजनकाट्याचा खर्च उचलावा. गणपतीला गावी येणाऱ्यांनी एक फेरी खाचरावर मारावी. त्या वेळी हळवे भात निसवलेले असते आणि दोन गुंठ्यांतला फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसतो.

दसऱ्याच्या सुमारास कापणी सुरू झाली, की दोन्ही गुंठे वेगवेगळे कापावेत, वेगवेगळे झोडावेत आणि भात वाळवून तोलावे. हिशेब सोपा आहे: गुंठ्यात जितके किलो, साधारण तितकेच हेक्टरी क्विंटल. बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च प्रत्येकाचा त्यापुढे लिहावा. ज्याचे कमी भरेल त्यानेही आकडा लपवू नये. कमी का भरले, हेच गावाला कळायला हवे. दिवाळीपूर्वी हे सारे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहून लावावेत आणि पुढच्या वर्षी कोणत्या खाचरात काय करायचे, ते त्या फलकासमोर उभे राहून ठरवावे.