विश्लेषण : सीटी स्कॅनच्या ‘डाय’ने मूत्रपिंडे खरेच निकामी होतात?

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीपूर्वी रुग्णापुढे संमतिपत्र येते. ‘मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो’ हे त्यातले वाक्य वाचून काही जण तपासणीच टाळतात, तर काही जण न वाचताच सही करून मोकळे होतात. रुग्णाचे नुकसान दोन्हींत होऊ शकते.

‘डाय’ म्हणजे नेमके काय?

नाव ‘डाय’ असले तरी तो रंग नव्हे. ते आयोडीनयुक्त, पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे औषध असते. आयोडीन क्ष-किरणे अडवते, त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठी, आतला रक्तस्राव चित्रात ठळक उठून दिसतो. हे औषध शरीरात पचत नाही; मूत्रपिंडे ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे चांगली असतील, तर बहुतेक औषध 24 तासांत निघून जाते.

धोका कसा उद्भवतो?

मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला मुळातच प्राणवायू बेताचा मिळतो. या औषधाने तिथल्या रक्तवाहिन्या काही काळ आकुंचन पावतात आणि नलिकांच्या पेशींवरही थेट ताण येतो. परिणामी रक्तातील क्रिएटिनिन वाढू शकते. 48 तासांत ते 0.3 मिलिग्रॅम किंवा अधिक वाढले, तर मूत्रपिंडाला इजा झाल्याचे डॉक्टर मानतात. बहुतेकदा ही वाढ काही दिवसांत ओसरते. डायलिसिसची वेळ क्वचितच येते.

मग भीती अवास्तव आहे का?

बऱ्याच अंशी, हो. जुन्या अनेक अभ्यासांत ‘डाय’ न दिलेल्या रुग्णांशी तुलनाच नव्हती. जंतुसंसर्ग, अतिसार, कमी रक्तदाब यांमुळेही दाखल रुग्णांचे क्रिएटिनिन वाढते. त्याचा दोष सरसकट ‘डाय’वर गेला. पुढे मोठ्या अभ्यासांत तुलना झाली, तेव्हा फरक बराच कमी निघाला. अमेरिकेतील रेडिओलॉजी आणि मूत्रपिंडविकार क्षेत्रांतील दोन प्रमुख संस्थांनी 2020 मध्ये संयुक्त निवेदनात हा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेल्याचे स्पष्ट केले.

जपायचे कोणी?

ज्यांचा ‘ईजीएफआर’, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, 30 पेक्षा कमी आहे किंवा ज्यांच्या मूत्रपिंडाला नुकतीच इजा झाली आहे त्यांनी. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. 1.2 हाच आकडा पंचविशीतल्या तरुणात साधारण 85 ‘ईजीएफआर’ दाखवतो, तर सत्तरीच्या बाईंमध्ये 50 च्या खाली. अहवाल ‘नॉर्मल’ वाटला, तरी वयोवृद्धांची मूत्रपिंडे निम्म्या क्षमतेवर चालत असू शकतात.

रुग्णाने काय करावे?

मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि चालू औषधे आधीच सांगावीत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा उल्लेख आवर्जून करावा. मूत्रपिंडांवर त्यांचाही भार असतो. ‘ईजीएफआर’ 30 पेक्षा कमी असल्यास मेटफॉर्मिन साधारण 48 तास थांबवतात; ते डॉक्टरांना विचारूनच. जोखमीच्या रुग्णांना शिरेवाटे सलाइन दिले जाते. एकेकाळी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲसिटिलसिस्टीनचा उपयोग होत नाही, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे 5,000 रुग्णांच्या चाचणीत दिसले.

एमआरआयचे काय?

त्यात आयोडीन नसून गॅडोलिनियम असते. मूत्रपिंडे फारच कमजोर असलेल्यांमध्ये काही जुन्या गॅडोलिनियम औषधांमुळे त्वचा कडक होण्याचा गंभीर आजार होतो, हे 2006 मध्ये लक्षात आले. आजच्या स्थिर औषधांत तो धोका अत्यल्प आहे.

मुद्दा केवळ सहीचा नाही

पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, पोटातला रक्तस्राव अशा वेळी क्रिएटिनिनच्या अहवालाची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. तिथे निदान आधी. तातडी नसेल, तेव्हा मात्र ‘ईजीएफआर’ न पाहता ‘डाय’ देणे हा निष्काळजीपणाच. प्रयोगशाळांनी क्रिएटिनिनशेजारी ‘ईजीएफआर’ छापावा आणि रुग्णालयांनी संमतिपत्र मराठीत समजावून सांगावे. या दोन्हींना खर्च नगण्य आहे. ‘माझा ईजीएफआर किती?’ हा प्रश्न सही करण्यापूर्वी रुग्णानेही विचारायला हवा.