कुत्रा पाहिजे, पण पिल्लं कुणालाच नकोत



दोन महिने झाले, शाळूच्या आणि डाळिंबाच्या नोंदी कमी पडल्या म्हणून काही जणांनी विचारलं. कारण सांगतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वस्तीवरची तांबी व्याली. सहा पिल्लं. दोन नर, चार माद्या. वहीत रोज नोंद चालू होती, पण ती पिकाची नव्हती.

कुत्रीच्या पिल्लांची कसली नोंद, असं बरेच जण म्हणतील. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

तेव्हा तांबी पहिल्यांदा व्याली होती, मार्गशीर्षातल्या थंडीत, कडब्याच्या गंजीखाली. पाच पिल्लं झाली. आई म्हणाली, "आरं, जनावराला जनावराचं कळतंय, तू हात लावू नकोस." मी लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मोटर बंद करून आलो तर दोन पिल्लं बाजूला गार पडलेली. एक मेलं होतं, दुसरं धुगधुगत होतं. मी घाईनं त्याला उताणं धरलं आणि बाटलीनं गाईचं दूध पाजलं. दूध नाकातून आलं. दुपारपर्यंत तेही गेलं. पुढच्या आठवड्यात अजून एक गेलं, पोट फुगून. पाचातली दोन राहिली.

नंतर डॉक्टरांशी बोललो तेव्हा कळलं की त्या दुसऱ्या पिल्लाला थंडीनं मारलं नव्हतं, मी मारलं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. राखणीला कुत्रा प्रत्येक वस्तीला पाहिजे. रानडुक्कर, कोल्हा, चोर, रात्रीचं पाणी, सगळ्याला तोच. पण त्या कुत्र्याचे पहिले आठ आठवडे कुणालाच नको असतात. गाय व्याली की आपण रात्रभर जागतो, वासराला तासाभरात चीक पाजतो, नाळेला आयोडीन लावतो. कुत्री व्याली की "बघंल तिचं ती". आणि मग वर्षाभरानं म्हणतो, कुत्रं भित्रं निघालं, चावरं निघालं, रोगट निघालं. ते तसं निघत नाही, आपण पहिल्या आठ आठवड्यांत तसं करून ठेवतो.

आधी ऊब, मग दूध

पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं, बहिरं आणि स्वतःचं अंग गरम ठेवता न येणारं असतं. पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडताही येत नाही. मोठ्या कुत्र्याचं अंग ३८ ते ३९ अंश असतं, पिल्लाचं या दिवसांत ३५ ते ३७. त्याच्या खाली गेलं की आतडं काम थांबवतं. अशा गार पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही, आणि गिळायची ताकद नसल्यानं फुप्फुसात उतरतं. माझ्या हातून झालं ते हेच. गार पिल्लू आधी छातीशी, कपड्यात धरून हळूहळू गरम करायचं, अर्धा-एक तास लागला तरी चालेल. हालचाल करायला लागलं, तोंडानं चोखायला लागलं की मगच दूध. आणि पाजताना पालथं, आईला पितं तसं. माणसाच्या लेकरासारखं उताणं कधीच नाही.

या वेळी गोदामाच्या कोपऱ्यात विटा लावून चार बाय तीन फुटाचा कप्पा केला. सारवलेली जमीन गार असते, म्हणून खाली गव्हाचं काड, वर जुनी धुतलेली वाकळ. खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या गोण्या अंथरू नका, धुतल्या तरी नको. एका बाजूला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब उंचावर टांगला. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही, हे आमच्या पोराच्या लक्षात आलं, माझ्या नाही. कोंबडीची पिल्लं पाळणाऱ्यांना हे सगळं माहीतच आहे. फक्त दुसरी बाजू गार ठेवायची, म्हणजे पिल्लाला आणि आईला जास्त झालं की सरकता येतं. लाईट गेली की बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून ठेवायचं. आमच्याकडं लाईट कधी असते ते तुम्हाला माहीत आहे. शेतीची रात्री, घरची जाऊन येऊन.

पिल्लं एकमेकांवर ढीग करून केकाटत असतील तर थंडी वाजतेय. लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर गरम होतंय. जवळ जवळ, गप्प झोपली असतील तर सगळं ठीक. यासाठी यंत्र लागत नाही.

चीक आणि काटा

वासराचं जे खरं तेच पिल्लाचं. पहिल्या चिकातली रोगप्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जायची वाट साधारण एका दिवसात बंद होते, पहिले बारा तास सगळ्यात मोलाचे. म्हणून प्रत्येक पिल्लू सडाला लागलंय का हे मोजून बघायचं.

मी घरातला स्वयंपाकाचा काटा घेतला. कारभारीण दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवसापासून तीच वजन करायला लागली. पाच पिल्लं २८० ते ३४० ग्रॅमची होती, सहावी मादी २१० ग्रॅमची. ओळखायला प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा सैल धागा. निरोगी पिल्लू रोज थोडं तरी वाढतं आणि आठ ते दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट होतं. एक दिवस वजन थांबलं तर लक्ष द्यायचं, दोन दिवस थांबलं तर डॉक्टर. डोळ्यानं बघून हे कळत नाही. ती बारकी दुसऱ्या दिवशी १९५ वर आली. दिसायला तशीच होती. काटा नसता तर मी तिसऱ्या दिवशी तिला पुरलंच असतं. दर दोन-तीन तासांनी मोठ्यांना बाजूला करून तिला मागच्या सडाला लावलं, तिथं दूध जास्त असतं. दिवसा कारभारीण, रात्री मी. पाण्याचा बारा फिरवायला उठायचोच. पाचव्या दिवशी ती परत २१० वर आली. बाराव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा ३९० होती.

आई नसलेलं पिल्लू असेल तर गाईच्या दुधावर भिस्त ठेवू नका. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि साखर कमी. नुसतं गाईचं दूध पाजलं की पिल्लू हगवणीनं वाळतं. पिल्लांची दूधपावडर मिळते, ती आणेपर्यंत एक-दोन वेळा दुधात अंड्याचा पिवळा बलक फेटून चालवता येतं. आणि पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं खालची जागा पुसायची. आई चाटते तेव्हाच पिल्लू मुततं, हगतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्याचं त्याला होत नाही.

आईकडं कोण बघणार

दुग्धज्वर म्हटलं की आपल्याला गाय आठवते. कुत्रीलाही होतो. बहुतेक वेळा व्याल्यानंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत, दूध जोरात असताना. धापा, थरथर, पाय ताठ, चालताना झोकांड्या. याला घरचा उपाय नाही. पिल्लं लगेच बाजूला करून डॉक्टर गाठायचा, शिरेतून हळूहळू कॅल्शियम द्यावं लागतं. आधीच गाभणपणात कॅल्शियमच्या बाटल्या पाजून ठेवणं उलटं पडतं. तांबीला तसं काही झालं नाही. तिला नेहमीच्या दुप्पट खायला आणि सतत पाणी, एवढंच केलं. शिळी भाकरी आणि ताक यावर सहा पिल्लांचं दूध होत नसतं.

जंत, गोचीड आणि घरातली लेकरं

कुत्र्याचे गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात उतरतात, दुधातूनही जातात. म्हणून पहिलं जंताचं औषध दोन आठवड्यांना, मग चार, सहा, आठ आठवड्यांना, वजनावर डोस काढून, आणि आईलाही सोबत. हेच जंत अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात आणि डोळ्यापर्यंत पोचू शकतात. पिल्लाचा जंत हा घराचाही प्रश्न आहे.

जनावरांचं गोचिडाचं औषध पिल्लांवर मारू नका. एवढ्याशा जिवाला ते विष आहे. हातानं वेचा, बारीक फणी फिरवा.

आणि पिल्लू चावलं तर "पिल्लूच आहे" म्हणून सोडू नका. पिल्लालाही रेबीज होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, तिखट काही नाही.

मागणी नराला, माद्या बाजाराला

आता मुद्द्याचं. डोळे उघडले त्या दिवसापासून माणसं यायला लागली. "दादा, एक नर ठेवा आमच्यासाठी." दोन नरांना नऊ गिऱ्हाईकं. चार माद्यांना एकही नाही. एक पाहुणे तर म्हणाले, "माद्या पोत्यात घाला आणि बाजाराच्या दिवशी सोडून या, सगळेच करतात."

सगळेच करतात, हे खरं आहे. उपाशी मरायला जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवू. हिशोब बघा. सोडलेल्या माद्या सगळ्या मरत नाहीत. जगतात त्या वर्षाच्या आत माजावर येतात. त्यांची पिल्लं माणसाच्या हाताशिवाय वाढतात. मग ती टोळी रात्री कुणाच्या तरी वाड्यात शिरून शेळ्या फाडते आणि आपण ग्रामपंचायतीत जाऊन भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा म्हणतो. ती भटकी कुत्री आभाळातून पडलेली नाहीत. ती आपल्याच पोत्यातून गेलीत.

दुसरं, चार आठवड्यांचं पिल्लू मागायला येऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते पातळ खायला शिकतं, पण आई आणि भावंडांत राहूनच त्याला चावा किती जोरात घ्यायचा ते कळतं. याच काळात माणसं, शेळ्या, ट्रॅक्टरचा आवाज, लेकरं सगळं दाखवायचं. लवकर तोडलेलं पिल्लू एकतर घाबरट होतं नाहीतर घरच्यांनाच चावतं.

आज पिल्लं ५६ दिवसांची झाली. जंताचे चार डोस झाले, पार्व्होची पहिली लस झाली. पुढच्या लसी १६ आठवड्यांपर्यंत डॉक्टर सांगतील तशा आणि तीन महिन्यांना रेबीजची. नर मागणाऱ्यांना मी एक अट घातली, एक मादीही न्यायची आणि वेळेवर तिचं ऑपरेशन करायचं. नवातले सात जण परत गेले. दोन थांबले. दोन नर आणि दोन माद्या गेल्या. राहिलेल्या दोन माद्यांतली एक मेव्हण्याच्या मेंढरांमागं जाईल. ती बारकी इथंच राहतेय. आईनं तिचं नाव ठेवलंय शेरणी, वजन कमी असलं तरी भाकरीवर पहिला हक्क तिचा.

तांबीचं दूध आटलं की महिन्याभरात तिचं ऑपरेशन. ही तिची शेवटची वेत.

तुमच्या वस्तीवर माद्यांचं काय करता, ते खरं खरं लिहा. मीही दोन वर्षांपूर्वीचं खरंच लिहिलंय.